सरांची भिंत

एप्रिल लागला की माझ्या फोनवर एक ठरावीक आवाज येऊ लागतो. मऊ, इस्त्री केलेला, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. "मॅडम, यंदा ज्युरीला याल ना? आम्हाला तुमच्यासारख्यांचा आवाज पॅनलवर हवाच आहे." तुमच्यासारख्यांचा म्हणजे कुणासारख्यांचा, हे तो आवाज कधी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. दोन्हीकडे माहीत असतं. पॅनलवर बाकी सगळे पुरुष असतात, एकमेकांच्या मुलांच्या मुंजीला जेवून आलेले, आणि पत्रिकेवर माझं नाव छापलं की ती मुंजीची पंगत एकदम सर्वसमावेशक होते.

ज्युरी म्हणजे आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरांची तोंडी परीक्षा. भिंतीवर आपापली ड्रॉइंग लावायची, पुढं पुठ्ठ्याचं मॉडेल ठेवायचं आणि खुर्च्यांवर बसलेल्या मोठ्या माणसांसमोर उभं राहायचं. मोठी माणसं मग आपल्याला काय काय येतं ते बोलून दाखवतात. पोरांना काय येतं ते समजायला वेळ उरत नाही. आमच्याकडे हा मोसम नेमका उन्हाळ्यात येतो. धाराशिवात त्या दिवसांत वारं भाजून निघाल्यासारखं येतं. रानं मोकळी झालेली असतात, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात, गल्लीत पापड-कुरडया वाळत असतात, आणि माझ्या नाकात मात्र फेविकॉलचा आणि कापलेल्या थर्माकोलचा वास भरतो. मला आर्किटेक्ट होऊन इतकी वर्षं झाली, बसस्टँडच्या मागं माझं स्वतःचं ऑफिस आहे, लोकांची घरं, दवाखाने, दुकानाचे गाळे बांधून झाले. तरी एप्रिल आला की मी पुन्हा विद्यार्थिनी होते. कटरनं कापलेल्या बोटाला पट्टी लावून उभी असलेली मुलगी आत कुठंतरी अजून उभीच आहे.

यंदाचा फोन मात्र वेगळा होता. तो पुण्याच्या एका मोठ्या ऑफिसातून आला. नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी असे चार-पाच लोक पाहिलेलेच असतील. खादीचा कुर्ता, पांढरी दाढी, हातात मातीचा कप, तोंडात 'समाज'. त्या ऑफिसातले सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. सरांनी मराठवाड्यातल्या होतकरू मुलांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम काढला होता. धाराशिवातच शिबिर, शेवटी ज्युरी. व्यवसाय अधिक समावेशक व्हावा, ही तळमळ. "सर स्वतः येणार आहेत, आणि त्यांनी आवर्जून तुमचं नाव सुचवलंय," फोनवरची मुलगी म्हणाली.

आवर्जून. मला हसू आलं. सरांना मी आठवत असणं शक्यच नव्हतं. त्यांच्याकडे नावांची यादी असते, आणि त्या यादीत माझ्या आडनावाच्या बायका फार नसतात, एवढंच.

पण मला ते आठवत होते. त्यांच्याबरोबरचा तो उन्हाळा तर अगदी कालच्यासारखा.

त्या वेळी मी पुण्यात चौथ्या वर्षाला होते. त्या वर्षी 'वंचित पार्श्वभूमीच्या' विद्यार्थ्यांना एकेक मेंटर मिळणार अशी सूचना लागली. मला सरांच्याच ऑफिसातल्या रेवती मॅडम मिळाल्या. सुती साडी, चांदीची मोठी कर्णफुलं, बोलणं इतकं हळुवार की समोरच्याला आपण आजारी आहोत असं वाटावं. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुझा प्रवास सांग."

मी सांगितला. धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, स्वारगेट.

त्यांना दुसरा प्रवास हवा होता. त्यात दुःख हवं होतं, आजोबांचा अपमान हवा होता, कंदिलाखाली केलेला अभ्यास हवा होता. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून. घरात ट्यूबलाइट होती, फ्रीज होता, भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली माझ्या बक्षिसांची रांग होती. मी तसं सांगितल्यावर मॅडमचा चेहरा किंचित पडला. चुकीचं पार्सल उघडल्यासारखा. मग माझं गाव कुठलं, पाहुणे कुठं असतात, असं विचारता विचारता माकणीचं नाव निघालं आणि मॅडमचे डोळे पुन्हा चमकले. "लोहारा तालुक्यातली माकणी? म्हणजे तो भूकंपाचा भाग? अगं, सरांचा तिकडेच तर प्रोजेक्ट आहे!"

माकणीच्या धरणापासून थोडं अंतर सोडून माझ्या आत्यांचं गाव आहे. भूकंप झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते, मला काही आठवत नाही. पण आमच्या घरात त्याचं बोलणं कायम होतं. आत्यांचं जुनं घर सगळ्यांसारखंच होतं: दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं माळवद. ते पहाटे खाली आलं. आत्या आणि मामा, म्हणजे त्यांचे मालक, जिवंत निघाले. त्यांची मुलगी वंदना निघाली नाही. गाव नंतर पलीकडच्या माळावर नव्यानं वसलं, सिमेंटच्या ब्लॉकची घरं, सरळ रुंद रस्ते. जुनं गाव तसंच पडून राहिलं. बाभळी वाढल्या. दगडांचे ढीग राहिले. आत्यांना नवं घर मिळालं, पण त्या कधी घरात झोपल्या नाहीत. दारापुढं त्यांनी लोखंडी पाइपांवर पत्रा टाकून घेतला आणि बारा महिने तिथंच खाट टाकली. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पत्रा पडला तर खोक पडंल. मानूस ऱ्हातंय."

या गावात सर मुलींसाठी अभ्यासिका बांधणार होते. आणि त्यांच्या टीममध्ये मी असणार होते. भाषेसाठी. "तुझी लोकं आहेत, तुझ्याशी मोकळं बोलतील," रेवती मॅडम म्हणाल्या. तो उन्हाळा नीट गेला तर पुढं त्याच ऑफिसात प्रशिक्षण, आणि तिथं प्रशिक्षण म्हणजे पुढची सगळी दारं उघडी. माझ्या वर्गातल्या मुलांना हे असंच मिळत होतं, कुणाचा मामा, कुणाचा शेजारी. मला माझ्या लोकांच्या बदल्यात मिळणार होतं.

सर गावात आले तो दिवस. ऊन असं की धरणाकडच्या उघड्या पडलेल्या गाळाला भेगा गेलेल्या, आणि त्यावर कुणीतरी कलिंगडाचे वेल लावलेले, तेवढंच हिरवं. सर नव्या गावात पाच मिनिटं थांबले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी ते सरळ रस्ते पाहिले आणि म्हणाले, "आत्माच नाही इथं." मग जुन्या गावाकडे निघाले. तिथं मात्र त्यांचं पाऊल हळू झालं. बाभळीच्या काट्यांतून वाट काढत त्यांनी पडक्या जोत्यांवरून हात फिरवला, वाकडेतिकडे बोळ बघितले, त्यांचं स्केच केलं. "काय सुंदर सेंद्रिय रचना आहे! एकाही बोळाला सरळ रेष नाही. हे लोकांनी जगता जगता घडवलंय."

मी मागं उभी होते. त्या बोळांची गंमत मला घरी ऐकून पाठ होती. कुणाच्या दारावरून कुणी जायचं नाही, कुणी कुठून वळायचं, हे ठरवता ठरवता ते बोळ वाकडे झाले होते. सगळ्यांत शेवटचा बोळ, ओढ्याला लागून, आमच्या लोकांचा. नव्या गावाच्या रस्त्यात आत्म्याची कमतरता असेल, पण त्या रस्त्यावरनं आत्या कुणाच्याही दारासमोरनं चप्पल घालून जात होत्या. हे सरांना सांगावं असं मला वाटलं नाही. स्केच चांगलं होत होतं.

मग सर एका ढिगापाशी थांबले. दगडावर तळहात ठेवला. सगळी टीम थांबली. सर हळू आवाजात म्हणाले, "या दगडांना आठवण आहे. अभ्यासिका आपण याच दगडांतून उभी करू. जे पडलं त्यातूनच ज्ञान उभं राहील. स्मृतीची भिंत."

कुणीतरी उसासा टाकला. रेवती मॅडमनी डोळ्याला पदर लावला.

गावकऱ्यांची बैठक शाळेत ठेवली होती. पडद्यावर चित्रं दाखवायची होती, पण लाइट गेली, म्हणून सरांनी मॉडेलच टेबलावर ठेवलं. मॉडेल खरंच देखणं होतं. जाड दगडी भिंती, मातीचा गिलावा, आत कोनाडे, कोनाड्यांत मुलींच्या इवल्याशा आकृत्या वाचत बसलेल्या. सरपंच खुश होते, फुकट इमारत मिळत होती. बायका मागं बसल्या होत्या. सरांनी सांगायला सुरुवात केली. दगड, माती, गारवा, सिमेंट कंपन्यांनी आपल्या मनावर केलेली जादू, आजोबा-पणजोबांचं शहाणपण. मी अधूनमधून सोपं करून सांगत होते. मग त्यांनी जुन्या गावातल्या दगडांचं सांगितलं, आणि ते सोपं करायची गरज पडली नाही.

आत्या उठल्या. उठायच्या आधी त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, हे मला आठवतं.

"म्हंजी त्यो दगूड हितं आनायचा?"

"हो आई," सर हसून म्हणाले. "तुमच्याच घरांचा दगड. तुमचीच आठवण."

"आन आमच्या पोरी त्याच्याखाली बसवायच्या?"

"खाली नाही, आत. भिंत एकदम सुरक्षित आहे. आम्ही मधून काँक्रीटचे पट्टे देणार आहोत, इंजिनिअरकडून तपासून घेतलंय. कितीही मोठा धक्का आला तरी..."

"त्या दगडाखाली माझी पोरगी व्हती," आत्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. गिरणीत पीठ जाड दळलंय हे सांगावं तसं सांगितलं. "दोन दिस व्हती. मंग काडली. तुमी कसला पट्टा देनार हाव, द्या. म्या माझ्या जावंच्या नातीला तिथं पाठवनार न्हाय. आमाला वर पत्रा पायजे. न्हायतर नुस्तं सावलीचं छप्पर करा."

मागच्या बायकांत कुजबुज झाली. एकजण म्हणाली, "व्हय, पत्राच बरा."

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? मॉडेल पिशवीत घातलं असतं, तो दोन घोट पाणी प्याला असता आणि म्हणाला असता, बरं, पत्र्याचं बघू. सर शहाणे नव्हते, थोर होते. त्यांचे डोळे भरून आले. ते चालत आत्यांपाशी गेले, त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि वळून टीमला म्हणाले, "हे रेकॉर्ड होतंय ना?"

होत होतं.

"आई, तुमच्या मुलीचं नाव काय?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. सरांना उत्तर मिळालं नाही तरी अडलं नाही. "त्या भिंतीवर आपण तिचं नाव कोरू. ती अभ्यासिका तिचीच असेल."

"नगं," आत्या म्हणाल्या आणि बाहेर निघून गेल्या.

दुपारी सरपंचांच्या घरी जेवण झालं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कांदा. सर सगळ्यांना सांगत होते, किती ताकद आहे या बाईंच्या दुःखात. आमटीचा भुरका मारत सांगत होते. मग रेवती मॅडम मला ओसरीच्या कडेला घेऊन गेल्या. त्यांचा हात पुन्हा माझ्या हातावर. "विशाखा, हा तुझ्यासाठी फार महत्त्वाचा क्षण आहे. तुझ्या आत्यांना समजव. त्यांना भीती वाटतेय, पण ही भीती म्हणजे जखम आहे, आणि ती भिंत म्हणजे तिच्यावरचा उपचार. तू त्यांच्या भाषेत सांगू शकतेस. आणि नावाचं पण बघ. सरांना नाव फार हवंय."

मी सरळ आत गेले. सर हात धूत होते. मी म्हणाले, "सर, आत्या नको म्हणाल्यात. दगडाला पण आणि नावाला पण. त्यांना पत्र्याचं छप्पर पाहिजे. मी त्यांना काही समजावणार नाही, कारण त्यांना समजलेलं आहे. तुम्हालाच समजावून सांगायचं असेल तर सांगते."

सरांनी पंच्याला हात पुसले. रागावले नाहीत. अशी माणसं रागावत नाहीत, खिन्न होतात. "बाळ, तू फार जवळून बघतेयस. आर्किटेक्टला अंतर लागतं."

"ते तुमच्याकडे आहे की, सर," मी म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात रेवती मॅडमचा निरोप आला. साइटवर यायची गरज नाही. माझ्यात संवेदनशीलता खूप आहे पण तटस्थता कमी, तर मी आधी स्वतःवर काम करावं. प्रशिक्षणाची जागा माझ्या वर्गातल्या एका मुलाला मिळाली, ज्यानं माकणी नकाशातही शोधली नसती. आई रडली. वडील ऑफिसातून आले, शर्ट खुंटीला लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. आता पास हो." मी त्या उन्हाळ्यात धाराशिवातच एका घर-परवान्यांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात बसले. तिथं कुणी माझा प्रवास विचारला नाही. संडासाची खिडकी शेजाऱ्याच्या हद्दीत उघडतेय का, एवढंच विचारलं.

भिंत झाली. गावानं काही आंदोलन वगैरे केलं नाही. सरपंचांनी शाळेशेजारची जागा दिली होती, ट्रॅक्टरनं जुन्या गावातला दगड आला, आणि दिवाळीपर्यंत अभ्यासिका उभी राहिली. नाव कोरलं नाही, पण एक रिकामा कोनाडा सोडला. नियतकालिकांत आला तो. त्याच्याखाली लिहिलं होतं, गावातल्या एका आईच्या मौनाला अर्पण. आत्या काही मौनात नव्हत्या. नगं म्हणाल्या होत्या.

मी तिरस्कारानं बोलतेय हे मला कळतं, म्हणून जे खरं आहे ते सगळं सांगते. ती भिंत पडली नाही. तिला इतक्या वर्षांत एक तडाही गेलेला नाही. काम चोख आहे, पट्टे जिथल्या तिथं आहेत, उन्हाळ्यात आत खरोखर गार असतं. मी दोन-तीनदा आत जाऊन उभी राहिलेय, आणि एक बांधणारी म्हणून मला त्या कामात खोट काढता आलेली नाही. सर आपल्या भाषणात हेच सांगतात: लोकांनी शंका घेतली, पण बघा, उभी आहे. टाळ्या पडतात. पक्षी आत घरटी करतात. निवडणुकीच्या वेळी पेट्या ठेवतात. मुलगी एकही बसत नाही. कुणी बंदी घातलेली नाही, भांडण नाही, नुसतं कुठल्या आईनं पाठवलं नाही. बारावीच्या मुली आत्यांच्या पत्र्याखाली बसायला लागल्या, मग ग्रामपंचायतीनं शेजारीच एक लांब पत्र्याची शेड केली. तिचा नकाशा मी काढला. नकाशा म्हणण्यासारखं त्यात काही नाही, चारी बाजूंनी उघडी, पंखे, बाक. एप्रिलमध्ये भट्टी होते. मुली ओले रुमाल डोक्यावर घेऊन बसतात. तिला कुणी पुरस्कार दिला नाही आणि देऊही नये. माझ्या हातून झालेल्या कामात ती सगळ्यांत कुरूप आहे.

तर यंदा त्याच सरांच्या शेजारी खुर्चीवर बसायचं होतं. आत्यांना फोनवर सांगितलं. त्या आता थकल्यात, पण कान शाबूत आहेत. "त्यो दगूडवाला? जिता हाय व्हय?"

"आहेत की. मुलांच्या ज्युरीला येणार आहेत."

"ज्युरी म्हंजी?"

"पोरांचं काम बघायचं आणि चुका काढायच्या."

"मंग त्याची काड," आत्या म्हणाल्या.

शिबिर बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. लग्नसराईतला मोकळा दिवस साधून घेतला होता. आदल्या दिवशीचं लग्न अजून तिथंच होतं: स्टेजवर मखमली कोच, कमानीला कोमेजलेली फुलं, कोपऱ्यात अक्षता. त्या कमानीखाली पोरांची ड्रॉइंग लटकत होती. सर आले. दाढी पूर्ण पांढरी झाली होती, कुर्ता तोच किंवा तसलाच. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यासारख्या लोकांचं काम बघून आम्हाला बळ मिळतं." मी कुठलं काम, असं विचारलं. ते हसून पुढं गेले.

पोरं एकेक करून उभी राहिली. तेरच्या एका मुलानं कुंभारांसाठी केंद्र केलं होतं. एका मुलीनं ऊसतोड बायकांसाठी पाळणाघर, एकानं स्मशानभूमी. प्रत्येकाला सर विचारत, "हे तुझ्या जगण्यातून आलंय ना?" आणि पोरं मान हलवत. त्यांना शिबिरात शिकवलंच होतं, आपली गोष्ट सांगा म्हणून. कुंभार-केंद्रवाल्याचे वडील, मला नंतर कळलं, बँकेत होते. ड्रॉइंग कच्ची होती. दारं भिंतीत अडकत होती, स्वच्छतागृहाला खिडकी नव्हती. त्याबद्दल पॅनलवर कुणी अवाक्षर काढलं नाही. दुःखाच्या दाराला बिजागरी कुठं आहे असं विचारणं असभ्य दिसतं.

मग आफरीन आली. परंड्याची. वडिलांचं एसटी स्टँडजवळ शेगड्या दुरुस्तीचं दुकान. उंच, चष्मा, ओढणी खांद्यावर पिनेनं पक्की केलेली. तिनं ड्रॉइंग उलगडली आणि पॅनलवरची पेनं थांबली. तिनं पंचतारांकित हॉटेल केलं होतं. समुद्रकिनारी. कमळाच्या तळ्यावर तरंगता बार.

सर पुढं वाकले. चेहऱ्यावर तीच खिन्नता, मी ओळखली. "बाळ, हे कुणासाठी?"

"गेस्टसाठी, सर."

"ते नाही. हे तुझं आहे का? परंड्याला एवढा किल्ला आहे. तुमच्या मोहल्ल्यातल्या बायका आहेत, त्यांची घुसमट आहे. तुझ्याकडे केवढी मोठी गोष्ट आहे! ती सोडून तुला हे का करावंसं वाटलं? तुझ्यासारख्या मुलीनं काही सामाजिक करायला हवं होतं."

आफरीननं चष्मा वर सरकवला. "सर, सामाजिक आमच्या घरात लई हाय. मला लिफ्ट काढायची होती."

मागं बसलेल्या पोरांत एक हसू फुटलं आणि दबलं. पॅनलवरचा एकजण खोकला. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मी वाकून बघायची गरज नव्हती. ती दिशाहीन आहे, तिला आपल्या मुळांशी जोडायला हवं, असलं काहीतरी. पुढच्या नावाला हाक मारायची खूण करून ते मागं टेकले. म्हणजे पुण्याच्या पोरानं विमानतळ करावा, ऑपेरा करावा, चंद्रावर वसाहत करावी, कुणी त्याला मुळं विचारत नाही. त्याची कल्पनाशक्ती असते. परंड्याच्या पोरीनं मात्र घुसमट काढायची, प्रमाणात.

"थांबा," मी म्हणाले. "या ड्रॉइंगवर अजून कुणी काही बोललेलं नाही."

मी उठून कमानीखाली गेले. चष्मा लावला आणि तिची ड्रॉइंग वाचली, पहिल्या कागदापासून. वेळ लागला. मंगल कार्यालयाचे पंखे कुरकुरत होते. मग मी म्हणाले, "आफरीन, तुझ्या लॉन्ड्रीतले मळके कपडे जेवणाच्या हॉलमधून जातात."

ती पुढं आली. "न्हाय मॅडम, इथं सर्व्हिस कॉरिडॉर हाय."

"तो इथं संपतो. पुढं कुठून?"

तिनं कॉरिडॉरवरनं बोट फिरवलं. "...व्हय की."

"किचनचा धूर तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत जाईल, वारं समुद्राकडनं येतंय. आणि हा तुझा मोठा जिना, लॉबीतला. देखणा आहे. पण मधल्या वळणावर चढणाऱ्याचं डोकं तुळईला आपटेल. अनवाणी असला तरी आपटेल, बूट घातले असले तर जास्त."

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, जरा जास्तच झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, या शिबिरात लोकांनी माझ्या अम्मीबद्दल विचारलं, हिजाबबद्दल विचारलं, परंड्यात पाणी येतंय का विचारलं. जिन्याबद्दल कुणीच न्हाय विचारलं." आणि लगेच ड्रॉइंगकडे वळून, "पण तुळई वर घेतली तर?"

"मग वरच्या मजल्याचं काय?"

ज्युरी पुढं चालू झाली. मी खुर्चीवर परत गेले नाही. जेवणाच्या टेबलांपैकी एक ओढून घेतलं, वरचं डाग पडलेलं साटीनचं कापड बाजूला सारलं आणि ट्रेसिंग पेपरचा तुकडा पसरला. आफरीन समोर बसली. मी एक रेघ काढली, तिनं ती खोडली. म्हणाली, असं केलं तर लॉबी लग्नाच्या हॉलसारखी दिसती. तिचं बरोबर नव्हतं, पण भांडण चांगलं होतं. तिनं जिना उलटा फिरवून बघितला, पायऱ्यांची उंची मोजली, ओठ चावत पुन्हा खोडलं. तिच्या करंगळीवर शिशाचा काळा डाग पडला. बाहेर उन्हात कुणीतरी नव्या लग्नाचा मांडव घालायला बांबू टाकत होतं, त्यांचा खडखडाट येत होता.

ज्युरी संपली तशी सर आमच्याकडे आले. मागं कॅमेरा घेतलेला एक मुलगा आणि दोन स्वयंसेविका. सरांनी माझ्या खांद्यामागं उभं राहून मोठ्या मायेनं ते दृश्य बघितलं. "हेच," ते म्हणाले. "हेच हवं होतं मला. एक पिढी दुसऱ्या पिढीचा हात धरतेय. बाळ, जरा वर बघ. एक फोटो घेऊ, तुझ्या मॅडमबरोबर."

आफरीननं वर बघितलं नाही. पट्टी कागदावर घट्ट दाबली.

"थांबा सर," ती म्हणाली. "जिना चुकलाय."